दोघांची सभा

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली, लेखकाच्या निधनानंतर, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील मद्यपानाची चर्चा सुधाकर, सिंधू आणि तळीराम या तीन नावांवाचून क्वचितच पुरी झाली असेल. एका तल्लख वकिलाच्या अधःपाताची आणि एका साध्वीच्या सोशिकपणाची करुण कथा म्हणून आपण ते नाटक पाहतो. परंतु व्यसनमुक्तीचा विचार करणाऱ्याला त्यात जी गोष्ट सर्वांत मार्मिक वाटावी ती निराळीच आहे. तळीरामाने पिणाऱ्यांचे एक रीतसर मंडळ चालविले आहे, त्याला ‘आर्यमदिरामंडळ’ असे भारदस्त नाव आहे, आणि कोर्टातल्या अपमानाने व सनदेवर आलेल्या गदेने पोळलेल्या माणसाला तेथे बसायला जागा, ऐकायला कान आणि आपल्यासारखीच माणसे मिळतात. पिण्यासाठी असे मंडळ आहे. सोडण्यासाठी मात्र सुधाकर एकटा आहे. मध्यंतरी तो दारू सोडण्याचा निश्चय करतो, तो निश्चय खराही असतो. पण उपजीविकेसाठी जुन्या ओळखीच्या माणसांच्या दारी गेल्यावर वाट्याला येते ती अवहेलना, आणि त्या अवहेलनेतून तो सरळ पेल्याकडे परततो. भोवती सिंधूसारखी पत्नी आहे, रामलालसारखा सज्जन स्नेही आहे, पद्माकरासारखा मेहुणा आहे. ही सारी माणसे कळवळून उपदेश करू शकतात, रागावू शकतात, रडू शकतात, पण ‘माझेही असेच झाले होते, आणि त्या दिवशी मी प्यायलो नाही’ एवढे एक वाक्य ज्याच्या तोंडून निघू शकेल असा इसम त्या संपूर्ण नाटकात नाही.

हे प्रकरण त्या नसलेल्या माणसाविषयी आहे. तो कोठे भेटतो, त्याच्याजवळ कसे जावे, त्याच्या सभेत काय घडते, आणि सिंधुदुर्गनगरीसारख्या, म्हणजे ओरोससारख्या, लहान व ओळखीपाळखीच्या गावात राहणाऱ्याने त्याचा शोध कोणत्या रीतीने करावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

नाटकातल्या त्या उणिवेचे उत्तर सोळा वर्षांनी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या शहरात, जवळजवळ योगायोगाने, सापडले. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल धंद्याच्या कामासाठी तेथे आला होता. अनेक वर्षे दारूने त्याची धूळधाण केली होती, आणि अवघ्या पाच महिन्यांपूर्वी त्याने ती सोडली होती. काम फिसकटले, खिशात फारसे पैसे उरले नाहीत, आणि १९३५ च्या मे महिन्यात तो हॉटेलच्या दिवाणखान्यात उभा असताना शेजारच्या मद्यगृहातला हसण्याखिदळण्याचा आवाज त्याच्या कानांवर पडू लागला. त्या क्षणी त्याला जे सुचले ते या विषयाच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे सुचणे म्हणावे लागेल: आपल्याला आज वाचायचे असेल तर दुसरा एखादा दारुडा गाठून त्याच्याशी बोलले पाहिजे. त्याने गावातल्या धर्मोपदेशकांना दूरध्वनी केले, एकातून दुसरी ओळख निघत गेली, आणि हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंच्या मध्यस्थीने १२ मे रोजी त्याची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. डॉक्टरांनी नाइलाजाने पंधरा मिनिटे देण्याचे कबूल केले होते. ते दोघे सहा तासांहून अधिक वेळ बोलत बसले. उपदेश ऐकून ऐकून विटलेल्या त्या डॉक्टरांना प्रथमच असा मनुष्य भेटला होता की जो आपल्या उद्धाराकरिता आलेला नसून स्वतःच्या रक्षणाकरिता आलेला आहे, आणि जो बोलतो ते स्वतःच्या अनुभवातून बोलतो. पुढे डॉक्टरांचे एकदा पाऊल घसरले, वैद्यकीय परिषदेला गेले असता ते पुन्हा प्यायले. पण १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा पेला घेतला, आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ (ए. ए.) या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. त्या दोघांनी लगोलग रुग्णालयात जाऊन तिसरा माणूस शोधला. तो वकील होता, सुधाकराच्याच पेशातला. त्याच्या खाटेपाशी मात्र दोन माणसे आपली कर्मकथा सांगत बसली, आणि तो बरा होऊन उठला.

पुढचा विस्तार थोडक्यात सांगता येईल. १९३९ मध्ये संघटनेचे मूळ पुस्तक निघाले व त्यात बारा पायऱ्यांची मांडणी झाली. १९४१ मध्ये एका मोठ्या खपाच्या साप्ताहिकातील लेखामुळे सुमारे दोन हजार सभासद होते ते वर्षभरात आठ हजारांवर गेले. १९५० मध्ये क्लीव्हलंड येथील अधिवेशनात संघटनेच्या बारा परंपरा मंजूर झाल्या. या परंपरांतील एक कलम असे की संघटनेने बाहेरच्या कोणत्याही प्रश्नावर मत देऊ नये, आणि त्यामागे पूर्वीचा एक कडवट अनुभव होता. १८४० मध्ये बाल्टिमोर शहरातील सहा पिणाऱ्यांनी एका गुत्त्यात बसून दारू सोडण्याची शपथ घेतली होती; त्यांची ‘वॉशिंग्टोनियन’ चळवळ पाहता पाहता लाखोंच्या घरात गेली, पण दारूबंदीचा कायदा करावा की नाही यासारख्या वादांत शिरल्यावर, पीडिताने पीडिताशी बोलण्याचे तिचे मूळ काम मागे पडले आणि थोड्याच वर्षांत ती विरून गेली. म्हणून ए. ए. दारूबंदीच्या बाजूनेही बोलत नाही आणि विरुद्धही बोलत नाही. गावागावांत मतदान घडवून ‘बाटली आडवी’ करणाऱ्या महाराष्ट्रातील भगिनींना हे मौन भित्रेपणाचे वाटण्याचा संभव आहे. मला ते तसे वाटत नाही. दुकान बंद करणे हे गावाचे काम आहे, ते गावाने जरूर करावे. पण दुकान बंद झाल्यावरही ज्याचे हात सकाळी थरथरतात त्याच्याजवळ कोणीतरी बसले पाहिजे, आणि ते बसणे कोणत्याही कायद्याला करता येत नाही.

याचा दाखला आपल्याच राज्याच्या इतिहासात आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा अंमल पुऱ्या कडकपणाने चालू असताना, म्हणजे परवान्यावाचून थेंबभर मद्य जवळ बाळगणे हा गुन्हा होता त्या काळात, १९५७ साली ए. ए.चे काम भारतात आले आणि मुंबईत त्याच्या सभा सुरू झाल्या. अबकारी खात्याचा बंदोबस्त होता, पोलिसांचे छापे पडत होते, आणि तरीही शहरात अशी माणसे होती की ज्यांना बंदीपेक्षा सोबतीची गरज अधिक होती. पुढे त्या सभा मराठीत भरू लागल्या, आणि गिरणगावातल्या ज्या चाळींत सिंधुदुर्गातले चाकरमानी खोल्या करून राहत असत त्या भागातील कितीतरी माणसे त्यांत बसू लागली. १९८१ मध्ये फादर जोसेफ परेरा यांनी वांद्र्याला ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ उभे केले. मुक्तांगणातील एक रीत माझ्या मते फार महत्त्वाची आहे: उपचार घेऊन बरे झालेले रुग्णच तेथे कार्यकर्ते म्हणून राहतात, आणि नव्याने दाखल झालेल्या माणसाला पहिल्या रात्री धीर देणारा मनुष्य हा बहुधा पूर्वी त्याच खाटेवर थरथरत पडलेला असतो. अ‍ॅक्रनचा धडा मराठी मुलखाने अशा रीतीने आपलासा केला.

आता ओरोसकडे वळू. रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि मुंबई-गोवा महामार्गालगत, कणकवली व कुडाळ यांच्या दरम्यान, त्याचे मुख्यालय वसविण्यात आले. जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा परिषद, न्यायालय, जिल्हा रुग्णालय, रेल्वेचे स्थानक, आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्यांच्या वसाहती, एवढाच या नगरीचा पसारा. त्यामुळे आठ तालुक्यांतील माणसे दाखल्यासाठी, अर्जासाठी, तारखेसाठी येथे येतात आणि सायंकाळी परत जातात. अशा ठिकाणी कोणताही मनुष्य खऱ्या अर्थाने अनोळखी नसतो. दप्तरातला कारकून, मालवणचा मच्छीमार, देवगडचा बागायतदार आणि बांद्याचा दुकानदार यांची नावे, गावे, कुळे, मानपान हे सारे परस्परांना ठाऊक असते.

या मुलखात मद्य काही परके नाही. माडाची माडी आहे, काजूच्या हंगामात बोंडूच्या रसापासून निघणारी दारू आहे, सीमेपलीकडे गोव्यात कर कमी असल्याने स्वस्त मिळणारी आणि चोरवाटेने इकडे येणारी बाटली आहे. काही गावांत तर देवचाराच्या नावाने दारू ठेवण्याची वहिवाटही चालत आलेली आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा किनाऱ्यावर रिकामे दिवस येतात. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईहून मंडळी येतात तेव्हा ‘बसणे’ ओघानेच येते. पिणारा मनुष्य येथे लोकांच्या नजरेत फारसा खुपत नाही. नजरेत भरतो तो सोडू पाहणारा. ‘काय रे, बंद केलंस काय?’ हा प्रश्न चौकातल्या चहाच्या टपरीवर विचारला गेला की त्याचे उत्तर सायंकाळपर्यंत वाडीत पोचलेले असते, आणि मग चार दिवसांनी पाऊल घसरले तर तीही बातमी तितक्याच वेगाने पोचते. म्हणून येथला मनुष्य सभेला जाण्यास कचरतो तो अंतरामुळे जितका, त्याहून अधिक लाजेमुळे.

संघटनेच्या नावातला ‘अ‍ॅनॉनिमस’ हा शब्द ज्यासाठी योजला आहे तो नेमका हाच अडथळा होय. सभेत आडनाव सांगावे लागत नाही. हजेरीपट नसतो, अर्ज नसतो, दाखला नसतो, वर्गणीची पावती नसते, आणि तेथे कोण दिसले, कोण काय बोलले हे बाहेर न सांगण्याचा दंडक प्रत्येकाने पाळायचा असतो. सभासदत्वाची एकच अट आहे, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. सोडून दाखविलेली असली पाहिजे अशीसुद्धा अट नाही. कोणी असा आक्षेप घेईल की मोठ्या शहरात हे ठीक, पण जेथे प्रत्येकाचे घराणे ठाऊक आहे तेथे निनावीपणाचा अर्थ काय? आक्षेप रास्त आहे. ओरोसला किंवा कुडाळला भरणाऱ्या सभेत शेजारी बसलेला मनुष्य आपल्याला ओळखणार, हे गृहीतच धरले पाहिजे. परंतु तो तेथे बसला आहे याचाच अर्थ त्यालाही तीच भीती बाळगून यावे लागले आहे. जितके आपले गुपित त्याच्या हाती आहे, तितकेच त्याचे आपल्या हाती आहे, आणि या समान ओझ्यातून जो विश्वास उत्पन्न होतो तो अनोळखीपणापेक्षा बळकट असतो असे मला वाटते. ज्याला तेवढा धीर होत नाही त्याने प्रारंभी दूरची सभा निवडावी. गोव्यात ए. ए.चे काम बरेच जुने आहे. जी सीमा अनेकांनी स्वस्त बाटलीसाठी ओलांडली ती सभेसाठीही ओलांडता येते, आणि पणजी-म्हापशाकडच्या सभेत कोकणी बोलणाऱ्यांच्या मधोमध बसलेल्या मालवणी माणसाला भाषेचे परकेपण वाटण्याचे कारण नाही.

सभेआधी वैद्यकीय बाबीचा एक इशारा देणे मी आपले कर्तव्य समजतो, आणि वाचकाने तो ओलांडून पुढे जाऊ नये. जो अनेक महिने वा वर्षे रोज, विशेषतः सकाळपासून, पीत आला आहे त्याने आवेशाच्या भरात एकाएकी दारू बंद करून घरात पडून राहणे जिवावर बेतू शकते. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच हातांना कंप सुटतो, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, नसलेले आवाज ऐकू येतात. गावाकडे या अवस्थेला ‘बाधा’ समजून रोग्याला गाऱ्हाण्यासाठी देवळात किंवा जाणकाराकडे नेण्यात मोलाचे तास जातात. या काळात डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन रोग्याला सुखरूप पार पाडता येते; म्हणून पहिली पायरी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाची होय. तेथे २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचीही जोड आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्याच्या सेवनाशी निगडित विकार मानसिक आजाराच्या व्याख्येत स्पष्टपणे घातले आहेत, तेव्हा असा रोगी हा उपचाराचा हक्कदार आहे, कोणाच्या कृपेचा याचक नव्हे.

तरीही उपचारापर्यंत पोचतात किती? केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय खात्यासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्याप्रमाणे दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांत एकालाच कोणत्याही स्वरूपाची मदत मिळालेली होती, आणि रुग्णालयात राहून उपचार घेतलेला १८० मध्ये एक. या आकड्यांपुढे खाटा वाढविण्याची मागणी योग्यच आहे, पण नुसत्या खाटांनी ही दरी बुजणारी नाही. आणि बरा होऊन घरी आलेला मनुष्य पुन्हा त्याच टपरीवरून, त्याच मित्रांसमोरून, रोज जाणार आहे हे ध्यानात घेतले म्हणजे सभेचे स्थान कळते. रुग्णालय शरीरातली दारू काढते, आणि त्यानंतरची सायंकाळ निभावण्याचे काम सभेकडे येते.

सभा शोधण्याची रीत साधी आहे. संघटनेचे भारतातील मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे. तेथे दूरध्वनी केला किंवा त्यांच्या संकेतस्थळावर पाहिले तर आपल्याला जवळचा समूह, त्याचा वार, वेळ आणि जागा कळते. या सभा शाळांच्या वर्गांत, चर्चच्या दालनांत, समाजमंदिरांत भरतात, आणि जागा बदलत असल्याने जुन्या माहितीवर विसंबून न राहता निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. केंद्र शासनाची व्यसनमुक्तीसाठीची निःशुल्क दूरध्वनीसेवा १४४४६ या क्रमांकावर आहे, आणि २०२२ पासून चालू झालेली ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते. मुक्तांगणात उपचार घेतलेल्यांसाठी निरनिराळ्या शहरांत पाठपुराव्याची केंद्रे आहेत. २०२० च्या टाळेबंदीपासून दूरदृश्य सभांचीही रीत पडली. डोंगराआडच्या वाडीत जेथे एस.टी. दिवसातून दोनदा जाते आणि सायंकाळच्या सभेहून परतण्यास गाडी नसते, तेथे रेंज मिळेल त्या खळ्यात बसून भ्रमणध्वनीवर ऐकलेली सभा ही काही कमी मोलाची नाही. आणखीही एक मार्ग आहे, जो पुष्कळांना ठाऊक नसतो: विनंती केल्यास संघटनेचे दोन सभासद स्वतः भेटायला येऊ शकतात. बारा पायऱ्यांतील शेवटची पायरी दुसऱ्या पीडितापर्यंत निरोप पोचविण्याची आहे, त्यामुळे येणाऱ्याच्या दृष्टीने ते उपकाराचे काम नसते. त्याच्या स्वतःच्या औषधाचाच तो एक भाग असतो.

पहिल्या सभेला जाणाऱ्याच्या मनात काय काय कल्पना असतात! कोणी जाब विचारील, शपथ घ्यायला लावील, रडवील, नाव वहीत लिहील. यांपैकी काही होत नाही. तास-दीड तासाची बैठक असते. त्या दिवसाचा अध्यक्ष म्हणजे त्यांच्यापैकीच एक सभासद. प्रारंभी संघटनेचे लहानसे निवेदन व काही वेळा पायऱ्यांचे वाचन होते, आणि मग एकेक जण बोलतो. ‘माजा नाव अमुक, मी अल्कोहोलिक आसंय,’ असे मालवणीत म्हणायलाही प्रत्यवाय नाही, नव्हे, स्वतःच्या बोलीत म्हटलेले हे वाक्य पुस्तकी मराठीपेक्षा खरे उतरते. या बोलण्याला सभेतली माणसे ‘शेअरिंग’ म्हणतात. वाडीतल्या भजनात जसा एकाचा गजर चालू असताना दुसरा मध्येच आपला अभंग उचलीत नाही, तसे येथे एकाचे बोलणे चालू असता कोणी अडवीत नाही, उलटतपासणी करीत नाही, सल्ला देत नाही. प्रत्येकजण फक्त आपलेच सांगतो. नव्या माणसाने बोललेच पाहिजे असे नाही. ‘आज ऐकतो’ एवढे म्हटले तरी पुरते. सभा दोन प्रकारच्या असतात: खुल्या सभेस कुटुंबीय किंवा जिज्ञासूही जाऊ शकतात, बंद सभा केवळ पिण्याचा प्रश्न असलेल्यांसाठी असते, आणि आपण कोणत्या सभेस निघालो आहोत हे आधी विचारलेले बरे. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात चहा-भाड्यासाठी ज्याला जमेल तो चार पैसे टाकतो. नव्या माणसाने काही टाकू नये असाच आग्रह असतो. बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही, असा संघटनेचा कडक नियम आहे.

सभेतले बोलणे ऐकताना एक सूत्र पुन्हा पुन्हा कानी येते, आणि ते ऐकून मराठी वाचकाला गडकऱ्यांच्या नाटकाच्या नावाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. दहावा पेला माणसाला बुडवीत नाही, पहिलाच बुडवितो. तेव्हा जन्मभराच्या प्रतिज्ञेचा भार न घेता आजच्या एका दिवसापुरता तो पहिला पेला दूर ठेवायचा, उद्याचे उद्या. जन्मभराची शपथ आपल्या समाजाने फार स्वस्त केली आहे. गळ्यात माळ घालून, पोराच्या डोक्यावर हात ठेवून, ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून घेतलेल्या आणि मोडलेल्या शपथांनी कितीतरी पुरुषांचे स्वतःविषयीचे उरलेसुरले प्रेमही नाहीसे केले आहे. एका दिवसाचा करार पाळता येतो, आणि पाळला गेला की दुसऱ्या सकाळी मनुष्य ताठ उभा राहतो. पाऊल घसरलेच, ज्याला तेथे ‘स्लिप’ म्हणतात, तर सभेचे दार बंद होत नाही. घसरलेला मनुष्य परत येतो तेव्हा त्याच्यासाठी खुर्ची असते. काही दिवसांनी नवा सभासद एखाद्या जुन्या, स्थिर झालेल्या सभासदाला आपला ‘स्पॉन्सर’ निवडतो. तलफ आली की पेल्याला हात घालण्यापूर्वी त्याला फोन करायचा, एवढे ते नाते असते, आणि रात्री अकरा वाजता तो फोन उचलणारा मनुष्य असणे यावर अनेकांचे आयुष्य तगले आहे. मद्यमुक्तीला वर्ष पुरे झाले की सभेत वाढदिवस साजरा होतो. पन्नाशीतल्या माणसाचा पहिला वाढदिवस पाहताना त्याच्या घरच्यांचे चेहरे ज्याने पाहिले असतील त्याला या साध्या समारंभाचे मोल सांगावे लागणार नाही.

पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, आणि त्यामुळे काही बुद्धिवादी मंडळी दुरावतात. तो उल्लेख ‘आपल्याला जसा कळेल तसा’ या मुभेसह आहे. कोणी त्या जागी समूहाला मानतो, कोणी निसर्गाला, कोणी सत्याला. तरीही ज्याच्या मनाला ते पटत नाही त्याच्यावर बळजोरी करण्यात अर्थ नाही. समुपदेशनाचा मार्ग त्याला खुला आहे. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी थोड्याशाच बैठका घेतल्या, आणि घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांपैकी ३६ टक्के तीन महिन्यांनी सावरलेले आढळले. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण २६ टक्के होते. ए. ए.च्या मार्गाचीही कठोर परीक्षा झालेली आहे. २०२० च्या कॉक्रन समीक्षेत २७ अभ्यास व दहा हजारांहून अधिक रुग्ण यांचा विचार झाला, आणि ए. ए.शी जोडून देणाऱ्या पद्धतशीर उपचारांनंतर वर्षभराने ४२ टक्के रुग्ण पूर्ण मद्यमुक्त दिसले, इतर मान्य उपचारपद्धतींत ३५ टक्के. म्हणजे हा मार्ग सर्वांना तारतो असे नव्हे. पण इतर कोणत्याही उत्तम उपायाच्या बरोबरीने तो उभा राहतो, त्याला फी नाही, आणि तो आयुष्यभर पुरतो.

घरच्या माणसांसाठीही अशीच व्यवस्था आहे, आणि तिच्याकडे आपले दुर्लक्ष फार होते. बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये पिणाऱ्यांच्या आप्तांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ सुरू केले. मुक्तांगणात पत्नींच्या गटाला ‘सहचरी’ असे नाव आहे. पती सभेला जावो वा न जावो, पत्नीने जावे, असे मी आग्रहाने सांगेन. बाटल्या लपविणे, त्याच्या वतीने कचेरीत आजारपणाचा अर्ज पोचविणे, वाण्याची उधारी दागिना मोडून फेडणे, सासरच्यांचे टोमणे गिळणे, यांत वर्षे घालविलेल्या बाईला आपण या रोगाचे कारण नाही आणि आपल्या एकटीच्या सेवेने तो बरा होणारही नाही, हे तिच्यासारख्याच दुसऱ्या बाईकडून कळले पाहिजे. सिंधूला हे सांगणारे कोणी नव्हते. तिने सारे सोसले आणि त्या सोसण्याचा गौरव करीत आपण शंभर वर्षे टाळ्या वाजविल्या.

शेवटी राहिला तो प्रश्न ज्याच्या गावी अथवा तालुक्यात सभाच नाही त्याचा. संघटनेच्या परंपरेत याचे उत्तर स्पष्ट लिहिलेले आहे: दारूपासून दूर राहण्यासाठी दोन पीडित एकत्र आले, आणि त्यांच्यामागे दुसऱ्या कोणाचे अंग नसले, की तो समूह झाला. मंजुरी नको, इमारत नको, पदाधिकारी नकोत. मुंबईत वर्षानुवर्षे सभेला बसलेला आणि आता निवृत्त होऊन मसुऱ्याला, आचऱ्याला, कसालला घर दुरुस्त करून राहिलेला चाकरमानी हा येथे त्या दोघांपैकी पहिला होऊ शकतो. दुसरा जिल्हा रुग्णालयातून नुकताच सुटलेला असेल. वार निवडताना आठवडा बाजाराचा दिवस टाळावा, वेळ कचेरी सुटल्यानंतरची पण परतीची शेवटची एस.टी. चुकणार नाही अशी ठेवावी, आणि जागा अशी पाहावी की जेथे इतरही कामांसाठी माणसे येत-जात असतात, म्हणजे आत शिरणाऱ्याकडे कोणी विशेष पाहणार नाही. समूहाची नोंद मध्यवर्ती कार्यालयाकडे करून ठेवावी. पहिले काही आठवडे तिसरा कोणी येत नाही. तरी ठरल्या वेळी दार उघडावे, दोघांनी निवेदन वाचावे, दोघांनी बोलावे, आणि पुढच्या आठवड्याची वेळ बदलली असेल तर ती कळवावी, म्हणजे देवगडहून किंवा दोडामार्गहून रात्री कोणी मुंबईला फोन केला तर त्याला देण्याजोगा ओरोसचा एक पत्ता त्या कार्यालयाजवळ असेल.